जबाब कुणाचा, भाषा कुणाची? : सांगली जिल्ह्यातील न्याययंत्रणेस खुले पत्र

प्रति,
माननीय प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश, सांगली,
माननीय पोलीस अधीक्षक, सांगली,
तसेच जिल्ह्यातील सर्व सरकारी अभियोक्ते आणि वकील बंधू-भगिनी

विषय : साक्षीदारांचे जबाब व साक्षी नोंदवताना माणसाच्या स्मरणाचा स्वभाव विचारात घेण्याबाबत.

सन्माननीय महोदय / महोदया,

मी न्यायालयीन लघुलेखक म्हणून ३१ वर्षे नोकरी केली. ही नोकरी तीन जिल्ह्यांत, लहानमोठ्या न्यायालयांत झाली आणि निवृत्तीनंतर मी सांगलीत, विश्रामबागेत स्थायिक झालो. हाताशी वेळ होता म्हणून बहिःस्थ विद्यार्थी या नात्याने मानसशास्त्रात एम.ए. केले. स्मरणशक्तीवरचे एकेक प्रकरण वाचताना मला पुस्तकातले प्रयोग दिसत नव्हते. ज्यांच्या साक्षी माझ्या बोटांखालून गेल्या, ती माणसे एकामागून एक डोळ्यांपुढे येत होती. हे पत्र त्यातून लिहिले गेले आहे. यातले प्रसंग कोणत्या पोलीस ठाण्याचे वा न्यायालयाचे आहेत हे मी सांगणार नाही, आणि कुणी ओळखू नये म्हणून काही तपशील मुद्दाम बदलले आहेत. तक्रार कुणा एका व्यक्तीविरुद्ध नाही. असलीच तर ती एका पद्धतीविरुद्ध आहे, आणि त्या पद्धतीचा मीही एक चाकर होतो.

न्यायव्यवस्थेत मानसशास्त्राचा उपयोग म्हटले की आपल्याकडे लोकांना आधी नार्को चाचणी आठवते. गुन्हा मोठा असला की चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतेच, ‘नार्को करा, पोपटासारखा बोलेल.’ सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या प्रकरणात नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या तिन्ही चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले, आणि संमतीने केल्या तरी चाचणीतले बोलणे थेट पुरावा म्हणून स्वीकारायचे नाही, हेही सांगितले. या विषयावर मला अधिक काही म्हणायचे नाही. मनातले खेचून काढणाऱ्या यंत्राची चर्चा आपण पुष्कळ केली. साध्या, भल्या साक्षीदाराला प्रश्न कसा विचारावा आणि त्याचे उत्तर कागदावर कसे उतरवावे, याची चर्चा मात्र फारशी कधी झाली नाही, आणि माझ्या अनुभवाने सांगतो, बहुतेक खटले तिथेच तरतात किंवा बुडतात.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. रात्रीच्या वेळी वस्तीवर झालेल्या मारहाणीचा खटला होता. साक्षीदार म्हणून साठीच्या पुढची एक बाई आली होती. घटना घडून साडेचार वर्षे झाली होती. सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना, ती आपल्या कृष्णाकाठच्या बोलीत म्हणाली, ‘कडूस पडलं हुतं. म्हशीची धार काढून मी चरवी घिऊन निघाल्ते. त्यो बांधावरनं पळत गेला. आमच्या परड्याच्या दाराला डोकं टेकंल एवढा हुता. त्वांड न्हाई दिसलं, पर चालणं वळखीचं वाटलं.’ मी तेव्हा एवढेच मनात म्हटले की बाई नेमके बोलते. उलटतपास सुरू झाला. वकिलांनी तिचा पोलीस जबाब हाती घेतला. त्यात लिहिले होते की, ‘सायंकाळी १९.१० वाजण्याच्या सुमारास मी दूध घेऊन जात असताना अंदाजे ५ फूट ६ इंच उंचीचा, मध्यम बांध्याचा एक इसम बांधावरून पळत जाताना मी समक्ष पाहिला. त्यास पुन्हा समक्ष पाहिल्यास मी ओळखीन.’

वकिलांनी विचारले, तुमच्याकडे घड्याळ होते का? नव्हते. फूट म्हणजे किती, हाताने दाखवा. तिने गोंधळून हात वर-खाली केले. तोंड दिसले नाही म्हणता, मग पाहिल्यावर ओळखीन असे पोलिसांना का सांगितले? ‘म्या असं न्हाई सांगितलं.’ जबाबातला तो मजकूर ‘पोर्शन मार्क ए’ म्हणून, म्हणजे साक्षीदाराने नाकारलेला भाग म्हणून, खुणावला गेला. मग शेवटचा, आणि खरा घाव घालणारा प्रश्न आला : चालणे ओळखीचे वाटले, हे जबाबात कुठे आहे? कुठेच नव्हते. मी टंकित केले, ‘इसमाचे चालणे ओळखीचे वाटले असे मी पोलिसांना सांगितले होते, ते जबाबात का नमूद नाही याचे कारण मी सांगू शकत नाही.’ न्यायालयात वावरणाऱ्या कुणालाही हे वाक्य पाठ असेल. मी ते किती वेळा टंकित केले असेल याची गणती नाही.

तपास अधिकाऱ्यांची साक्ष झाली तेव्हा त्यांनी नेहमीचे उत्तर दिले, ‘साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणे मी लिहिले.’ ते खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. त्यांनी तिला ‘किती वाजले होते?’ असे विचारले असणार, तिने ‘डेरीला दूध घालायच्या येळंला’ असे सांगितले असणार, आणि ठाण्यात जबाब लिहिणाऱ्या रायटरने त्या वेळेचे १९.१० केले असणार, कारण जबाबाच्या साच्यात वेळेला आकडाच लागतो. उंचीलाही आकडाच लागतो. ‘पुन्हा पाहिल्यास ओळखीन’ हे तर साच्यातले शेवटचे वाक्यच आहे. ते साक्षीदाराने म्हणावे लागत नाही, जबाब टंकित करता करता बोटेच ते लिहितात. तिच्याजवळचे जे खरे होते, म्हणजे त्या माणसाची चाल, ते या साच्यात कुठेच बसत नव्हते म्हणून गळाले, आणि जे तिच्याजवळ नव्हते ते भरले गेले. त्या आरोपीने गुन्हा केला होता की नाही, मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी जिला खोटे ठरवले ती बाई खोटी नव्हती. साक्ष संपल्यावर व्हरांड्यात ती मला म्हणाली, ‘सायेब, मी कुठं खोटं बोलले?’ मी काय सांगणार? पाणी आणून दिले आणि आत गेलो.

मानसशास्त्राने या बाबतीत जे शोधून काढले आहे ते गूढ नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की विसरणे सर्वांत वेगाने होते ते पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात. पुढे त्याचा वेग मंदावतो. त्यामुळे पहिला जबाब हा नुसता सोपस्कार नसतो, स्मरणाचा जो ऐवज अजून शाबूत असतो त्याची ती एकमेव नीट झालेली मोजदाद असू शकते. दुसरी गोष्ट अशी की आठवण कपाटातल्या कागदासारखी जशीच्या तशी बाहेर येत नाही. प्रत्येक वेळी ती नव्याने जुळवली जाते, आणि जुळवताना विचारणाऱ्याचे शब्द तिच्यात मिसळतात.

अमेरिकेतल्या एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये केलेला प्रयोग तर आपल्या मोटार अपघाताच्या प्रत्येक फिर्यादीसमोर ठेवावा असा आहे. विद्यार्थ्यांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली आणि वेग विचारला. काहींना ‘गाड्या एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा’ अशा अर्थाचा प्रश्न केला, काहींना नुसते ‘धडकल्या तेव्हा’ असे विचारले, तर काहींना ‘एकमेकींना लागल्या तेव्हा’ एवढेच. पहिल्या शब्दाला सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल आले, शेवटच्याला सुमारे ३२. दुसऱ्या प्रयोगात एका आठवड्यानंतर विचारले की फुटलेली काच पाहिली होती का. कठोर शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण ‘हो’ म्हणाले, नुसते ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जण. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच.

आता आपल्या अपघाताच्या फिर्यादीतले वाक्य आठवावे : ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून…’ हे वाक्य कलमाच्या व्याख्येतून आलेले आहे, साक्षीदाराच्या तोंडून नव्हे. ऊस हंगामात पंढरपूर रस्त्यावर ट्रॉलीला मोटारसायकल धडकते, पाहणारा सांगतो की ‘ट्रॉली वळत हुती आणि गाडी मागनं आली,’ आणि जबाब वाचून दाखवला जातो तेव्हा त्याच्या कानावर भरधाव, अविचार, हयगय हे शब्द पडतात. तो मान डोलावतो. पुढे कधीतरी साक्षीला उभा राहतो तेव्हा त्याला वेग ‘आठवतो’. तो कुणाला फसवत नसतो. त्याला खरेच तसे आठवते.

सर्वोच्च न्यायालयाला हे नवे नाही. १९८३ मध्ये भारवाडा भोगीनभाई प्रकरणात न्या. ठक्कर यांनी लिहिले आहे की साक्षीदाराची स्मरणशक्ती छायाचित्रासारखी असावी अशी अपेक्षा धरता येत नाही आणि मनाच्या पडद्यावर व्हिडिओ टेप पुन्हा चालवल्याप्रमाणे घटना दिसत नसते. वेळेचा अंदाज लोक ऐनवेळी अटकळीने सांगतात, आणि न्यायालयाच्या वातावरणाने व टोकदार उलटतपासाने पूर्ण सच्चा साक्षीदारही बावरून गोष्टी मिसळू शकतो, हेही त्याच निकालात आहे. हा निकाल अंतिम युक्तिवादात हमखास उद्धृत होतो. पण तो उपयोगी पडतो तो नुकसान होऊन गेल्यावर, पुराव्याचे मोल ठरवताना. पुरावा गोळा करताना तो कुणी हाती धरत नाही.

आता माझ्या स्वतःच्या टेबलाकडे येतो. सत्र खटल्यातली साक्ष साधारणपणे निवेदनाच्या रूपात नोंदवली जाते, पण न्यायाधीशांना वाटल्यास तिचा कोणताही भाग प्रश्नोत्तरांच्या रूपात घेता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७६ मध्ये ही मुभा होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३११ मध्येही आहे. माझ्या ३१ वर्षांत ती किती क्वचित वापरली गेली हे मीच सांगू शकतो. प्रश्न विचारला जातो, साक्षीदार ‘हो’, ‘न्हाई’ किंवा ‘तसं काय न्हाई’ म्हणतो, आणि कागदावर उतरते, ‘हे म्हणणे खरे नाही की मी आरोपीशी असलेल्या जुन्या वैरामुळे खोटी साक्ष देत आहे.’ प्रश्न नाहीसा होतो आणि उत्तर साक्षीदाराचे विधान बनते. शिवाय आम्ही लघुलेखक वाक्य सुटसुटीत करतो. मीही करत असे, आणि माझ्या सफाईदार मराठीचे कौतुकही होत असे. एका साक्षीदाराने अडखळत, थांबून, ‘म्हंजी… बहुतेक त्योच’ असे म्हटलेले मी ‘तो इसम म्हणजे आरोपी क्र. २ होय’ असे केले होते. पान न्यायाधीशांनी वाचले, सही झाली. ‘बहुतेक’ हा शब्द वरच्या न्यायालयात कधीच पोहोचला नाही. आज तो शब्द मला टोचतो.

मुलांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर होते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम ३३ नुसार मुलाला थेट प्रश्न न विचारता वकिलांनी ते विशेष न्यायालयाकडे द्यायचे आणि न्यायालयाने मुलाला विचारायचे आहेत. साक्षीत मधूनमधून विश्रांती द्यायची आहे, मुलाला पुन्हापुन्हा न्यायालयात बोलवायचे नाही. कायदा चांगला आहे. पण न्यायालयाने स्वतः विचारला तरी प्रश्नाची घडण वकिलाचीच राहिली, तर काय होते पाहा. एका नऊ वर्षांच्या मुलीला विचारले गेले, ‘त्या दिवशी तू शाळेत गेली नव्हतीस, हे खरं नाही का?’ मुलगी म्हणाली, ‘हो.’ मराठी बोलणाऱ्या माणसांनी हे दोनदा वाचावे. ‘हो, गेले होते’ की ‘हो, गेले नव्हते’? आपल्या भाषेत नकारार्थी प्रश्नाला दिलेले ‘हो’ दोन्हीकडे वळते, आणि मोठ्या माणसांचाही त्यात घोळ होतो. मग तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला, आणि मुलीने उत्तर बदलले. शाळेतल्या मुलाला एकच अनुभव पक्का असतो : बाईंनी तेच पुन्हा विचारले म्हणजे आपले पहिले उत्तर चुकले. नोंदीत आले ते ‘विसंगत उत्तरे’.

त्या मुलीला समन्सावर साडेदहाची वेळ दिली होती. पुकारा झाला तो पावणेपाचला. मधल्या वेळात ती आईच्या मांडीवर झोपली, उठली, दोनदा रडली, आणि ज्याला तिच्या नजरेआड ठेवायचे तो जिन्यावरून दोनदा तिच्यासमोरून गेला. त्याच कायद्याचे कलम ३६ सांगते की साक्षीच्या वेळी मुलाला आरोपीच्या समोर येऊ देऊ नये; जिन्यापर्यंत ते कलम पोहोचले नव्हते. असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी साक्ष-केंद्रे उभारण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी ‘स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात सर्व उच्च न्यायालयांना दिले. हे प्रकरण महाराष्ट्रातलेच, याचा आपण थोडा अभिमान आणि थोडी लाज बाळगावी. खोलीला रंग दिला, खेळणी ठेवली, स्वतंत्र दार काढले, ही चांगलीच कामे झाली. पण त्या खोलीत विचारला जाणारा प्रश्न तोच राहिला, तर खेळण्यांचा उपयोग मर्यादित आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला एका वाक्यात एकच गोष्ट विचारावी, नकार टाळावा, ‘काय झालं ते मला सांग’ असे म्हणून थांबावे, आणि ‘माहीत नाही’ हे उत्तर चालते हे त्याला आधी सांगून ठेवावे. मुलांच्या मुलाखतींवर जगभर काम करणाऱ्यांचा निष्कर्ष थोडक्यात एवढाच आहे, आणि तो पाळायला इमारत लागत नाही.

ओळख परेडबद्दल, म्हणजे संशयिताला इतर माणसांत उभे करून साक्षीदाराला ओळखायला सांगतात त्याबद्दल, बोलल्याशिवाय पत्र पुरे होणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये परेडचे नियम आहेत : एका संशयितासोबत निदान सहा जण उभे करावेत, दोघे असतील तर दहा-बारा, आणि एका परेडमध्ये शक्यतो दोनपेक्षा जास्त संशयित नकोत. नायब तहसीलदार परेडची नोंद (मेमोरँडम) काळजीने लिहितात, हे मी पाहिले आहे. या नियमांचा भर संशयिताच्या सारखी दिसणारी माणसे उभी करण्यावर आहे. मानसशास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत दाखवले ते वेगळेच : परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे ठाऊक असेल तर तो नकळत, डोळ्याने, थांबण्याने, सुस्काऱ्याने सूचना देतो. म्हणून ज्याला ठाऊक नाही त्यानेच ती घ्यावी. साक्षीदाराला आधी स्पष्ट सांगावे, ‘तो माणूस या रांगेत असेल किंवा नसेलही.’ आणि ओळखल्याबरोबर, कुणी काही बोलण्याआधी, खात्री किती आहे हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

हे शेवटचे का, तेही सांगतो. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ मध्ये चुकीचा माणूस ओळखलेल्या लोकांना, ‘छान, बरोबर ओळखलंत’ एवढेच सांगितले. त्यावर ते केवळ अधिक खात्रीने बोलू लागले नाहीत, तर आपण गुन्हेगाराला चांगले न्याहाळले होते, चेहरा नीट दिसला होता, असेही सांगू लागले. न्यायालयात साक्षीदार ठामपणे बोट दाखवतो तेव्हा ते ठामपण घटनेच्या रात्रीचे असते की पोलीस व्हॅनमध्ये मिळालेल्या शाबासकीचे, हे कागदावरून कळत नाही. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेल्या ३७५ जणांपैकी सुमारे ६९ टक्के प्रकरणांत प्रत्यक्षदर्शीची ओळख चुकली होती. आपल्याकडे साध्या मारामारीत, चोरीत डीएनए नसतोच. तिथे चूक उघडकीस येण्याची वाटही नाही. नव्या संहितेच्या कलम ५४ नुसार काही परिस्थितीत ओळखीची प्रक्रिया दृक्श्राव्य साधनाने नोंदवायची आहे. ती सर्वच परेडमध्ये नोंदवली, तर कायदा आड येईल असे मला वाटत नाही.

एक छोटी गोष्ट जाता जाता. साक्षीदाराच्या हावभावांबद्दल न्यायाधीशांना शेरा लिहिता येतो (जुने कलम २८०, नवे ३१५), आणि ‘साक्षीदार नजर चुकवत होता’ यावर युक्तिवादही होतात. बाँड आणि डीपाउलो यांनी २००६ मध्ये कितीतरी अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा माणसे खरेखोटे ओळखण्यात सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर येतात असे दिसले. नाणे उडवले तर ५० टक्के. आमच्या आटपाडी-जतकडचा साधा माणूस साहेबांकडे बघून बोलणे उद्धटपणाचे मानतो; त्याच्या खाली गेलेल्या नजरेत खोटेपणा शोधू नये.

जतचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत घरात कन्नड बोलतात. तिथला साक्षीदार कन्नडमध्ये सांगतो, हवालदार मनातल्या मनात मराठी करतो, आणि त्या मराठीचे पुन्हा जबाबी मराठी होते. दोन भाषांतरे, आणि दोन्हींचा पुरावा शून्य. ऊसतोडीला आलेल्या मजुरांचेही असेच. ते हंगाम संपताच गावी परततात आणि समन्स ‘सदर इसम मिळून आला नाही’ म्हणून परत येते. त्यामुळे त्यांचा पहिला जबाब हाच बहुधा शेवटचा असतो.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते मला तोंडपाठ आहेत. पोलीस म्हणतील की बंदोबस्त, गणपती, निवडणुका आणि तपास यांतून रायटरला श्वास घ्यायला वेळ नाही. खरे आहे. पण जबाबाचे ध्वनिमुद्रण करण्याची परवानगी नव्या संहितेच्या कलम १८० मध्ये आहे, झडती-जप्तीसाठी ई-साक्ष्य ॲप ठाण्यांपर्यंत आलेलेच आहे, आणि साक्षीदार बोलत असताना मोबाइल चालू ठेवणे हे टंकलेखनापेक्षा कमी कष्टाचे काम आहे. सरकारी वकील म्हणतील की मुद्रण म्हणजे आरोपीच्या वकिलांच्या हाती आयते कोलीत. मला उलटे वाटते. त्या बाईचे ‘चालणं वळखीचं वाटलं’ मुद्रित असते, तर ते ‘सुधारित साक्ष’, म्हणजे जबाबात नसलेले आणि नंतर वाढवलेले, म्हणून फेटाळता आले नसते. आणि आरोपीचे वकील म्हणाले असते की तिने तोंड पाहिलेच नव्हते, तर तेही पहिल्या दिवसापासून सिद्ध झाले असते. दोन्ही बाजूंना खरे तेवढेच मिळाले असते. वकील बंधूंचा आक्षेप असा असेल की उलटतपास हा आरोपीचा हक्क आहे आणि सूचक प्रश्न हे त्याचे हत्यार. त्या हत्याराला माझा विरोध नाही. मी फक्त म्हणतो की प्रश्न जसा विचारला तसाच कागदावर राहू द्या, म्हणजे उत्तराचे वजन करणाऱ्याला दोन्ही पारडी दिसतील.

न्यायालयात प्रत्येक खटल्यात मानसशास्त्रज्ञ तज्ज्ञ म्हणून बोलवावा, अशी मागणी काही ठिकाणी होते. मला ती पटत नाही. जिल्ह्यात तशी माणसे मोजकी, आणि ‘मानवी स्मरण दुबळे असते’ हे प्रत्येक वेळी तज्ज्ञाकडून वदवून घेण्याने न्यायाधीशांचा वेळच जाईल. तज्ज्ञ हवेत ते बाल न्याय मंडळासारख्या ठिकाणी, जिथे सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलाच्या मनोवस्थेचे प्राथमिक मूल्यमापन करावे लागते. त्यात बालमानसशास्त्राचा जाणकार मंडळात नसेल तर बाहेरून मदत घेणे बंधनकारकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ जुलै २०२२ च्या बरुण ठाकूर निकालात सांगितले आहे. एरवी ज्ञान प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगी असले, की पुरे. इंग्लंडच्या पोलिसांनी, दडपून घेतलेल्या कबुल्यांवर आधारलेल्या शिक्षा एकामागून एक रद्द झाल्यावर, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चौकशीची अशी पद्धत स्वीकारली, जिच्यात साक्षीदाराला आधी न अडवता सगळे सांगू द्यायचे आणि मगच प्रश्न विचारायचे. त्यासाठी त्यांनी प्रत्येक हवालदाराला मानसशास्त्राची पदवी घ्यायला लावली नाही. थोडक्या मुदतीचे प्रशिक्षण दिले.

म्हणून माझी विनंती मर्यादित आहे. पोलीस अधीक्षकांनी जिल्ह्यातल्या दोन-तीन ठाण्यांत, गंभीर गुन्ह्यांतले पहिले जबाब ध्वनिमुद्रित करण्याचा प्रयोग सहा महिने करून पाहावा, आणि जबाबात साक्षीदाराचे महत्त्वाचे वाक्य त्याच्याच बोलीत, अवतरणचिन्हांत लिहिण्याचा आदेश काढावा. उंची विचारायचीच असेल तर भिंतीवर खूण करायला सांगावी आणि मग टेपने मोजावी. न्यायाधीशांनी बालसाक्षीदाराची आणि ओळखीच्या मुद्द्यावरची साक्ष प्रश्नोत्तरांत नोंदवून घ्यावी. कलम ३११ त्यासाठी पुरेसे आहे. बालसाक्षीदाराचे समन्स दुपारच्या निश्चित वेळेचे असावे आणि त्या वेळी तो बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या कामाच्या यादीत, पहिला असावा. वकील संघटनेने मुलांना विचारायच्या प्रश्नांबाबत एक शनिवार चर्चेला द्यावा. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. आपल्या जिल्ह्याचे अपील आता तिथेच वाचले जाईल, आणि वाचणाऱ्याच्या हाती आपण पाठवलेला कागदच असेल.

प्रशिक्षणाचा प्रश्न आला तर मी विनामोबदला यायला तयार आहे. विजयनगरला न्यायालयाच्या आवारात जागा मिळाली तरी चालेल, पोलीस मुख्यालयात मिळाली तरी चालेल. मी एक साधा खेळ घेईन. एका रायटरने रोजच्या बोलीत, पाच मिनिटांत, काल आपल्या डोळ्यांदेखत घडलेली कोणतीही क्षुल्लक गोष्ट सांगायची. दुसऱ्याने नेहमीच्या पद्धतीने त्याचा जबाब लिहायचा. तिसऱ्याने तो जबाब मोठ्याने वाचायचा. मग पहिल्याने सांगायचे, यातले आपण काय बोललो होतो आणि काय नाही. त्याला अर्धा तास पुरतो.

आपला नम्र,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखक
विश्रामबाग, सांगली